गेमिंग लॅपटॉप घ्यावा की साधा? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी सल्ला हवा आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. लेकीला माटुंग्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत. घरात सगळे आनंदात आहेत आणि आता रोज रात्री जेवताना लॅपटॉप हा एकच विषय चालू आहे.

तिला गेमिंग लॅपटॉप हवाय. तिचं म्हणणं असं की चार वर्षं टिकला पाहिजे, पुढे एआय-एमएल (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग) घ्यायचंय, त्याला ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रं आणि मोठी गणितं वेगाने करणारा वेगळा भाग, लागतं. शिवाय ती गेम खेळते आणि ते ती कुणापासून लपवत नाही. तिच्या बाबांचं म्हणणं, कॉलेजच्या अभ्यासाला पन्नास हजारांचा साधा लॅपटॉप पुरतो. साठ हजारांची तयारी आहे. अगदीच गरज असेल तर नव्वदपर्यंत ताणू, पण मग धाकट्याच्या क्लासची फी कुठून काढायची हा प्रश्न येतो.

आम्ही कांदिवलीला राहतो. वन बीएचके आहे, तिला वेगळं टेबल नाही, जेवणाच्या टेबलावरच अभ्यास चालतो. कॉलेजला सकाळची स्लो लोकल पकडून माटुंगा रोडला उतरायचं आणि पुढे चालत. मला यातलं फारसं कळत नाही, पण दुकानदार सांगेल ते घ्यायचं, असं करायची इच्छा नाही. ज्यांनी वापरलेत त्यांनी कृपया सांगा.

फास्ट_लोकल

अभिनंदन ताई! मी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप आहे आणि मी त्यावर पूर्ण समाधानी आहे. कोड कंपाइल होताना, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन एकदम चालवताना, अँड्रॉइडचा एम्युलेटर उघडताना तो कधी अडखळला नाही. मशीन लर्निंगच्या विषयात छोटी मॉडेल खोलीत बसून ट्रेन केली. रात्री मित्रांबरोबर खेळतोही. पैसे जमत असतील तर घ्या, चार वर्षं बघायला नको.

स्क्रूड्रायव्हर

फास्ट_लोकल, तू हॉस्टेलवर राहतोस की घरून ये-जा करतोस?

फास्ट_लोकल

हॉस्टेल, कॅम्पसमध्येच. लॅपटॉप टेबलावरून फार हलत नाही.

स्क्रूड्रायव्हर

मग तुझ्या आणि ताईंच्या लेकीच्या गरजेत मोठा फरक आहे. मी ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बाजूला. रोज दोन्ही प्रकारची मशीन उघडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट वजन. गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन ते अडीच किलो. त्याचा अडॅप्टर १८० ते २४० वॉटचा, तो एकटाच अर्धा किलोच्या वर जातो, काहींचा पाऊण किलोपर्यंत. म्हणजे बॅगेत तीन किलो फक्त लॅपटॉपचे. त्यावर जर्नल, डबा, पाण्याची बाटली, छत्री. साधा १४ किंवा १५ इंची लॅपटॉप दीड किलोच्या आसपास आणि त्याचा ६५ वॉटचा चार्जर मुठीत मावतो. सकाळच्या विरार-बोरिवलीच्या गर्दीत बॅग पाठीवर ठेवता येत नाही, पुढे छातीशी धरावी लागते हे सगळ्यांनाच माहीत आहे. तीन किलो छातीशी धरून उभं राहायचं, चार वर्षं.

अडॅप्टर घरी ठेवला तर? गेमिंग लॅपटॉपची बॅटरी साध्या कामात चार-पाच तास चालली तरी खूप म्हणायचं. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून दिवस त्याहून मोठा असतो. वर्गात प्लग पॉइंट भिंतीपाशी दोन-चार, त्यावर साठ मुलांचा डोळा. आणि एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: बॅटरीवर असताना ते महागडं कार्ड आपली ताकद मुद्दाम कमी करतं, कारण बॅटरी तेवढे वॉट देऊच शकत नाही. ज्या ताकदीचे पैसे दिले ती फक्त अडॅप्टर लावल्यावर मिळते.

दुसरी गोष्ट, कार्डाच्या नावावर जाऊ नका. ४०५० लिहिलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तरी ते सारखे नसतात. त्या कार्डाला कंपनीने किती वॉट दिलेत यावर सगळं अवलंबून असतं. ४०५० आणि ४०६० ही लॅपटॉप कार्डं ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कशीही बसवलेली असतात. बारीक, देखण्या मशीनमध्ये कमी वॉट, जाड्या मशीनमध्ये जास्त. कमी वॉटचं ४०६० हे भरपूर वॉटच्या ४०५० च्या मागे पडू शकतं. कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या माहितीत टीजीपी म्हणून आकडा असतो, तो बघा. जिथे तो आकडा दिलेलाच नाही, तिथे मी सावध होतो.

तिसरं, सगळ्यात स्वस्त गेमिंग लॅपटॉप. पंचावन्न-साठ हजारांत ४ जीबी मेमरीचं ३०५० कार्ड देतात. कार्ड देण्यासाठी बाकी सगळीकडे काटछाट केलेली असते. स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीची, म्हणजे रंग फिकट, शिवाय उजेड कमी, खिडकीपाशी बसलं की काही दिसत नाही. झाकणाचं प्लॅस्टिक पातळ, त्यामुळे हिंजच्या (बिजागरीच्या) पितळी बोल्टाजवळ तडा जातो. माझ्याकडे येणाऱ्या तुटलेल्या हिंजमध्ये या गटातली मशीन खूप असतात. साठ हजारच खर्चायचे असतील तर त्या पैशात चांगला साधा लॅपटॉप घ्या. नव्वद खर्चायचे असतील तरच गेमिंगकडे बघा. मधल्या जागेत दोन्हीकडचं नुकसान आहे.

चौथं, धूळ. परवा एक मशीन आलं, "गेम खेळताना बंद पडतं" एवढीच तक्रार. खालचं झाकण काढलं, दोन्ही पंखे उचलले. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये धुळीचा असा थर की चिमट्याने पकडून अख्खा एका तुकड्यात निघाला, नमद्यासारखा. त्यामागची पाती अगदी नवी. हवा जायला वाटच नव्हती, प्रोसेसर शंभर अंशाला टेकत होता. साफ केलं, प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली, मशीन ठणठणीत. आपल्याकडे मेट्रोची आणि बिल्डिंगांची कामं चालू असलेल्या भागात ही धूळ लवकर साठते. गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्याने वर्षातून एकदा हे करून घ्यायची तयारी ठेवावी. साध्या लॅपटॉपला कमी उष्णता, लहान पंखा, तिथे हे काम क्वचित लागतं.

मध्यरात्र

स्क्रूड्रायव्हर दादांचं सगळं पटतं, तरी मुलीच्या बाजूने एक बोलतो. ती गेम खेळते हे कारण कुणी मोजतच नाहीये. एआय-एमएलच्या आडून मागावं लागतं, कारण "मला खेळायचंय" म्हटलं की घरात नकार ठरलेला. बारावीची दोन वर्षं काढलेल्या पोरीला खेळायचं असेल तर ते एक खरं कारण आहे आणि ते उघडपणे हिशेबात धरा. मी कामावरून रात्री येतो, एक तास भावांबरोबर ऑनलाइन खेळतो. एक भाऊ नागपूरला, एक पुण्याला. आमचं बोलणं तेवढ्याच वेळात होतं. तो तास मला सिनेमापेक्षा मोलाचा आहे.

रानजाईताई, तिला एवढंच विचारा की ती नक्की कोणते गेम खेळते. त्यावर अर्धं उत्तर ठरेल.

चाळीतला_कोडर

एआय-एमएलबद्दल लिहितो, कारण माझं रोजचं काम तेच आहे, पवईला. आमच्या टीममध्ये निम्म्याहून जास्त जणांच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मॉडेल ट्रेन होतात सर्व्हरवर, आपण लॅपटॉपवरून फक्त कोड लिहितो आणि निकाल बघतो.

पहिल्या वर्षाला सी किंवा पायथन, गणित, भौतिकशास्त्र, थोडं ड्रॉइंग. दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम. इथपर्यंत ग्राफिक्स कार्डाला हातही लागत नाही. मशीन लर्निंग खऱ्या अर्थाने तिसऱ्या वर्षी सुरू होतं आणि तेव्हासुद्धा गूगल कोलॅब, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर आपला कोड चालवायची साइट, फुकट आहे. ब्राउझर उघडायचा, नोटबुकमध्ये (कोड लिहायच्या पानावर) जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची चिप, निवडायचा. उपलब्ध असेल तेव्हा तिथे टी४ कार्ड मिळतं, त्याची मेमरी १६ जीबी. लॅपटॉपच्या ४०५० ची मेमरी ६ जीबी. कॅगल या तशाच साइटवरही दर आठवड्याला साधारण तीस तास जीपीयू फुकट वापरता येतो. कॉलेजच्या प्रोजेक्टला हे भरपूर होतं.

कोलॅबचे तोटेही सांगतो. नेट चांगलं लागतं. फुकट सेशन मध्येच तुटतं, आणि मॉडेल ड्राइव्हवर सेव्ह करत गेलं नसेल तर सगळी मेहनत जाते. हवं तेव्हा जीपीयू मिळेलच असं नाही, विशेषतः सबमिशनच्या आठवड्यात सगळेच तुटून पडतात. ज्याला रात्री-बेरात्री स्वतःच्या मशीनवर प्रयोग करायची ओढ आहे, त्याला घरचं कार्ड खरंच आनंद देतं. सात-आठ अब्ज पॅरामीटरचं (आतल्या आकड्यांचं) भाषा-मॉडेल, प्रत्येक आकडा चार बिटांत दाबला की साधारण पाच जीबीत बसतं, ते ८ जीबीच्या कार्डावर आरामात चालतं आणि ६ जीबीवर थोडी ओढाताण करून. पण ही ओढ तिसऱ्या वर्षी लागते. लागली की तेव्हा घ्यावं. तोवर त्याच पैशात मिळणारं कार्डही पुढचं असेल. ३०५० लॅपटॉपमध्ये २०२१ साली आलं ते ४ जीबी घेऊन, २०२५ मध्ये आलेल्या ५०५० ला ८ जीबी आहे.

आणि कार्ड घ्यायचंच ठरलं तर एनव्हिडियाचंच. मशीन लर्निंगमध्ये शिकवतात ते जवळपास सगळं कूडा नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि कूडा फक्त एनव्हिडियाच्या कार्डावर.

हिशेबनीस

पैशाच्या बाजूने दोन शब्द. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर अभ्यासक्रमाला लागणारा कॉम्प्युटर त्यात धरता येतो, बँकेला कोटेशन द्यावं लागतं. कर्ज मंजूर व्हायच्या आधी हे बोलून घ्या, नंतर घुसवणं अवघड जातं. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणारा भेटला तर तो फरक साधारण तेवढाच असतो, आणि वॉरंटीच्या वेळी बिल नसेल तर हात चोळत बसावं लागतं.

धाकट्याची फी पुढे ढकलून घ्यावं इतकी ही गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

टी_स्क्वेअर

इथे सगळे "साधा घ्या" म्हणतायत म्हणून, हा धागा पुढे आणखी कुणी वाचेल त्यांच्यासाठी लिहिते. मी आर्किटेक्ट आहे, दादरला ऑफिस. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जे लागू आहे ते आर्किटेक्चर, इंटिरियर, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग यांना लागू नाही. स्केचअप, रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर साध्या मशीनवर सुरुवातीला चालतात. पण रेंडरिंग (डिझाइनचं खरं वाटेल असं चित्र बनवणं) सुरू झालं, त्यासाठीचं लुमियन किंवा एनस्केप आलं, की वेगळं कार्ड लागतंच, त्याशिवाय ते सॉफ्टवेअर धड उघडतही नाही. आमच्याकडे इंटर्न येतात, त्यातल्या ज्यांना आईबाबांनी "अभ्यासापुरता" लॅपटॉप घेऊन दिलाय त्यांची ज्युरीच्या (कामाच्या परीक्षणाच्या) आदल्या रात्री फार दैना होते. आठ तास रेंडर लावून ठेवायचा आणि पहाटे पाचला मशीन हँग.

मेकॅनिकल, सिव्हिलचं मधलं आहे. ऑटोकॅडचं टू-डी काम साध्या लॅपटॉपवर होतं, विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कचं लायसन्सही फुकट मिळतं. सॉलिडवर्क्स मात्र फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे मॅक घेऊ नका, आणि मोठी असेंब्ली उघडायची असेल तर कार्ड हवं.

स्क्रीनचं स्क्रूड्रायव्हर म्हणाले ते डिझाइनवाल्यांनी दुप्पट लक्षात घ्या. १०० टक्के एसआरजीबी लिहिलेली, म्हणजे रंग खरे दाखवणारी, स्क्रीनच घ्या. नाहीतर लॅपटॉपवर विटकरी दिसणारा रंग प्रिंटमध्ये वेगळाच येतो आणि क्लायंटसमोर अडचण होते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मी आणि लेक दोघींनी मिळून सगळं वाचलं. मध्यरात्र, तुमचा प्रतिसाद तिला फार आवडला.

ती व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट खेळते. सायबरपंक खेळायची इच्छा आहे, मैत्रिणीकडे बघितलाय. तिचे प्रश्न: साध्या लॅपटॉपवर व्हॅलोरंट चालेल का? आणि साधा घ्यायचा तर त्यात नक्की काय बघायचं? साइटवर पन्नास हजारांत शंभर मॉडेल दिसतात, सगळी सारखीच वाटतात.

मध्यरात्र

व्हॅलोरंट बिनधास्त चालेल. तो गेम मुद्दामच साध्या मशीनवर चालेल असा बनवलाय, त्याची किमान अट तर इंटेलचं एचडी ४००० ग्राफिक्स आहे, म्हणजे २०१२ सालची गोष्ट. आजचा कुठलाही ठीकठाक प्रोसेसर त्याच्या किती तरी पुढे आहे. फक्त विंडोज ११ वर त्यांच्या चीट पकडणाऱ्या प्रोग्रामला टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात, नव्या लॅपटॉपमध्ये त्या असतातच. माइनक्राफ्टही चालतो, शेडर (उजेड-सावली खरी दाखवणारी जोडणी) मात्र लावू नये.

सायबरपंक चालणार नाही. तिथे खोटी आशा दाखवत नाही. त्याला सत्तर जीबी जागा आणि खरं कार्ड हवं.

स्क्रूड्रायव्हर

साधा लॅपटॉप निवडताना खरं कौशल्य लागतं, कारण गेमिंगमध्ये निदान कार्डाचं नाव तरी समोर असतं.

रॅम १६ जीबी हवी. ८ जीबीत विंडोज, क्रोम आणि कोड लिहायचा व्हीएस कोड उघडला की संपलं. पण त्याहून महत्त्वाचं, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉट आहे ते विचारा. कित्येक मॉडेलांत ८ जीबी कायमची चिकटवलेली असते आणि पुढे काहीच करता येत नाही. निदान एक स्लॉट मोकळा असेल तर नंतर वाढवता येते. सध्या रॅमचे भाव चढे आहेत, डेटा सेंटरवाले सगळा माल उचलतायत, म्हणून आताच १६ असलेलं घेतलं तर बरं. साध्या लॅपटॉपला ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते, ते रॅममधूनच वापरतात. त्यामुळे एका पट्टीपेक्षा दोन पट्ट्या असल्या की गेम जास्त सफाईने चालतात. व्हॅलोरंटमध्ये तिला हा फरक डोळ्यांनी दिसेल.

प्रोसेसरच्या नावातले आकडे वाचायला शिका. एएमडीचं ७००० मालिकेतलं उदाहरण देतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. ऐकायला सख्खी भावंडं. पण तिथे तिसरा आकडा पिढी सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, जुनी रचना, चार कोअर, ग्राफिक्स अगदी दुबळं आणि रॅम सोल्डर केलेली. ७५३० म्हणजे झेन ३, सहा कोअर, स्पष्ट उजवा. दुकानात दोन्ही "रायझन फाइव्ह, सेव्हन थाउजंड सिरीज" म्हणून विकतात. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वॉटचा, बॅटरी टिकते. एच म्हणजे जास्त वॉटचा, जोरदार पण गरम. रोज कॉलेजला नेणाऱ्याला मी यू सुचवतो. हल्ली एच बसवलेले साधे लॅपटॉपही पुष्कळ येतात, कागदावर फार भारी दिसतात, पण प्लगशिवाय दुपारपर्यंत मान टाकतात.

चार्जिंग टाइप-सी वर होतं का ते बघा. होत असेल तर एकच चार्जर मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीला चालतो, आणि तो बिघडला तर कुठेही मिळतो. कीबोर्डवर हात ठेवून बघा, मधोमध दाबला तर खाली वाकतो का. झाकण एका हाताने कोपऱ्याला धरून उघडा, करकर आवाज आला तर दुसरं मॉडेल बघा. हे ऑनलाइन कळत नाही, म्हणून ऑर्डर कुठूनही करा, पण आधी एकदा दुकानात जाऊन हात लावा.

सेकंडहँडमध्ये कंपन्यांतून निघालेले लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड लॅमिंग्टन रोडला भरपूर मिळतात आणि मजबूत असतात. फक्त विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचंच घ्या, त्याखालच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही.

फास्ट_लोकल

मी माझ्या मतावर ठाम आहे, पण ये-जा करणाऱ्यांसाठी एक मधला मार्ग सुचवतो. काही गेमिंग लॅपटॉपही टाइप-सी वरून चार्ज होतात. मोठा अडॅप्टर घरी गेमसाठी, कॉलेजला ६५ किंवा १०० वॉटचा छोटा चार्जर. कोडिंगला, पीडीएफ वाचायला तेवढा पुरतो. आमच्या वर्गात डोंबिवलीहून येणारी मुलगी असंच करते आणि तिचं व्यवस्थित चाललंय. सगळ्या मॉडेलमध्ये ही सोय नसते, नीट तपासून घ्या.

चाळीतला_कोडर

किंवा साधा लॅपटॉप आता आणि डेस्कटॉप नंतर. तेवढ्याच पैशात डेस्कटॉपचं कार्ड जास्त ताकदीचं असतं, थंड राहतं, आणि पाच वर्षांनी फक्त कार्ड बदलता येतं. लॅपटॉपमध्ये कार्ड बदलता येत नाही, ही गोष्ट फार कमी लोक आधी विचारात घेतात.

मध्यरात्र

कोडर, वन बीएचकेमध्ये डेस्कटॉप कुठे ठेवणार? जेवणाचं टेबल एकच आहे म्हणाल्या त्या. मुंबईत निम्मे लोक गेमिंग लॅपटॉप घेतात ते जागेपायीच. खेळून झालं की मिटून कपाटात.

चाळीतला_कोडर

माझी खोली दहा बाय बारा आहे. भिंतीला फळी ठोकली, मॉनिटर भिंतीवर अडकवला, कॅबिनेट फळीखाली. घडीची खुर्ची. जागेचा प्रश्न मी हलका धरत नाही, पण तो सुटतो. तीन किलो रोज उचलण्याचा प्रश्न सुटत नाही.

टी_स्क्वेअर

पावसाळ्याचं कुणी बोललं नाही. कॉलेज पावसाळ्यातच सुरू होतं. बॅगेचं रेनकव्हर पुरत नाही, पाठीकडून आणि तळातून पाणी शिरतं. लॅपटॉप आधी चेनच्या प्लॅस्टिक पाउचमध्ये, मग बॅगेत. ट्रेनमध्ये बॅग खाली ठेवूच नका, फलाटावरच्या छत्र्यांचं सगळं पाणी डब्यात तळाला असतं. आणि वॉरंटी घेताना पाणी सांडणं, पडणं हे साध्या वॉरंटीत येत नाही, त्याला अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. लोकलने जाणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं, मी सगळ्या इंटर्नना हेच सांगते.

स्क्रूड्रायव्हर

टी_स्क्वेअर ताईंना शंभर टक्के अनुमोदन. आणि भिजलाच तर चालू करून बघू नका. लोक हेच करतात. बंद ठेवा, चार्जर काढा, तसाच दुरुस्तीला आणा. पाण्याने बोर्ड लगेच मरत नाही, त्यात वीज सोडली की मरतो. तांदळात ठेवून काही होत नाही.

रानजाई

काल आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. तिने एक युक्ती केली, घरून बॅग भरूनच नेली, पुस्तकं, डबा, बाटली सगळं. दुकानदाराला विचारून गेमिंग लॅपटॉप आणि त्याचा अडॅप्टर बॅगेत घातला आणि दुकानात उभी राहिली, बॅग पुढे घेऊन. मग तो काढून १४ इंची साधा घातला. मी काही बोलले नाही, तिनेच ठरवलं.

साधा घेतलाय. १६ जीबी रॅम, त्यात एक पट्टी सोल्डर आणि एक स्लॉटमध्ये, टाइप-सी चार्जिंग, दीड किलोच्या आत. अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजसह तीन वर्षांची वॉरंटी धरून एकोणसाठ हजार झाले. तिच्या बाबांनी आपण होऊन सांगितलं की तिसऱ्या वर्षी डेस्कटॉपसाठी तीस हजार ते वेगळे ठेवतील. तिने लगेच कुठल्या भिंतीला फळी लावायची ते बघून ठेवलं. काल रात्री व्हॅलोरंट चालवला, व्यवस्थित चालतोय.

मध्यरात्र

वा! तीस हजारांत कार्ड येईल, बाकी डेस्कटॉप जरा सांभाळून जुळवावा लागेल. तेव्हा नवा धागा काढा, आम्ही आहोत.

स्क्रूड्रायव्हर

छान निर्णय. आता दोन कामं आजच करा. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बिलाशी जुळते का ते बघा, कधी कधी ती दुकानात माल आल्या दिवसापासून सुरू झालेली असते, ती बिल दाखवून दुरुस्त करून मिळते. आणि विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. नव्या मशीनमध्ये ते जवळजवळ सारखे हवेत. फरक मोठा असेल तर ते मशीन डेमोला वापरलेलं असू शकतं, बदलून मागा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर सुट्टीच्या दिवसांत, घरी सतत प्लगला असताना, ती चालू ठेवा.

परळ_नाका

धागा वाचतोय, फार उपयोगी आहे. माझा भाचा बांद्र्याला अ‍ॅनिमेशनचा कोर्स करणार आहे. बजेट ऐंशी हजार. ब्लेंडर हे थ्री-डीचं सॉफ्टवेअर शिकवणार म्हणतात. तो परळहून जाणार, प्रवास छोटा. त्यालाही साधाच सुचवाल का?

टी_स्क्वेअर

नाही. त्याला कार्डवालाच घ्या. ब्लेंडरमधलं सायकल्स नावाचं रेंडर कार्डावर आणि साध्या प्रोसेसरवर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्याचा रोजचा अभ्यासच तो आहे. प्रवास छोटा आहे, वजन सहन होईल. ऐंशी हजारांत ५०५० किंवा ४०५० बघा, मेमरी ८ जीबी मिळाली तर उत्तम, कारण सीनमधले टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) सगळे त्या मेमरीत बसावे लागतात. टीजीपी तपासा, आणि स्क्रीन १०० टक्के एसआरजीबी नसेल तर ते मॉडेल सोडून द्या. रॅम आता १६ असली तरी चालेल, स्लॉट मात्र दोन हवेत, दुसऱ्या वर्षी ३२ लागेल.

स्क्रूड्रायव्हर

आणि परळ_नाका, भाच्याला सांगा गादीवर ठेवून रेंडर लावू नकोस. खालच्या जाळ्या झाकल्या की हवा आतच फिरते. मागची बाजू इंचभर उचलेल असा साधा स्टँड पुरतो, पंखेवाला महाग कूलिंग पॅड घ्यायची गरज नाही.